गुंजा मिळाल्या नाहीत म्हणून

पिस्कॅटवे, ४ मे १९८९

प्रिय नंदामावशी,

रेडमंडला अजून पाऊस आहे आणि काका अजून छत्री ऑफिसात विसरून येतात हे वाचून बरं वाटलं. जगात काहीतरी जागच्या जागी आहे म्हणायचं.

तुझ्याकडे एक मागायचंय. तुझ्या सासऱ्यांच्या सराफी पेढीवरची पितळी डबी तू अमेरिकेत आणलीस ना, सोनं तोलायच्या गुंजांची? साताऱ्याला आले की मी ती तासन्‌तास खुळखुळवत बसायची आणि तू हातातून काढून घ्यायचीस, तीच. त्यातल्या मूठभर गुंजा मला पाठव. आमच्या लॅबच्या कपाटात आहेत, पण विषारी म्हणून त्या कुलपात असतात, आणि किल्ली मागितली की प्रोफेसर कशाला हव्यात ते विचारतात. ते मला कोणाला सांगायचं नाही. तुलाही नाही. रागावू नकोस.

बाकी ठीक. जेवण जात नाही, झोपेचंही तसंच. आईचं पत्र आलं, डिसेंबरसाठी कार्यालय ठरलं म्हणे. सोबत गिरीशचा नवा फोटो होता. फोटो चांगला आला आहे. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही, आणि या पत्रातलं एक अक्षरही आईला कळवू नकोस.

गुंजा लवकर पाठव. मला फार दिवस थांबता येणार नाही.

तुझी
सुलेखा


रेडमंड, ९ मे १९८९

चि. सुलेखाला मावशीचे आशीर्वाद, आणि आज नेहमीपेक्षा दुप्पट.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग काकांना वाचायला दिलं. ते म्हणाले, मुलीला बिया हव्यात, बॉटनीची आहे, दे पाठवून. पुरुषांना सगळं सोपं असतं.

गुंजा काही सापडत नाहीत. घर बदललं तेव्हा डबी कुठल्या खोक्यात गेली देव जाणे. मी बघते, पण तू वाट बघू नकोस. आणि हे बघ सुलू, गुंज ही खेळायची वस्तू नाही. तुझ्या हातातून मी डबी का काढून घ्यायची ते तेव्हा सांगितलं नव्हतं. आमच्या आळीत कासारांची सून होती, तुझ्याएवढीच, चांगली शिकलेली. मनाविरुद्ध लग्न झालं होतं. तिने गुंजा वाटून पाण्यातून घेतल्या. मग घाबरली, ओरडली, ‘मला वाचवा’ म्हणत होती, पण तोवर कोणाच्या हातात काही राहिलं नव्हतं. ते ओरडणं मी ऐकलं आहे. गुंज नुसती दिसली तरी ते पुन्हा ऐकू येतं. मामंजींची आठवण म्हणून डबी आणली, नाहीतर विहिरीत टाकली असती.

लग्न नको असेल तर नको. कार्यालयं ठरतात तशी मोडताही येतात. तुझ्या आईशी मी बोलेन, ती माझ्यापेक्षा थोरली असली तरी मला भिते. कुठल्याही गोष्टीला उपाय असतो, फक्त आपण असावं लागतं.

मी फोनही केला होता. तू ‘आय ॲम फाइन मावशी’ म्हणालीस आणि ठेवलास. फोनवर तुला खोटं बोलता येतं, कागदावर येत नाही, म्हणून पत्रच लिही. तुझ्या जवळच एडिसनला माझी मैत्रीण संध्या राहते, तिला मी कळवलं आहे. ती डबा घेऊन येईल. दार उघड, आणि तिच्यासमोर जेव.

भ्यालेली
नंदामावशी


पिस्कॅटवे, २० मे १९८९

प्रिय मावशी,

तुझ्या संध्याताई आल्या. वांग्याची भाजी उत्तम होती. पण त्यांनी बाथरूमचं कपाट उघडून बघितलं, माझ्या टेबलाचे खण उघडले, आणि जाताना भाजी चिरायची सुरी ‘धार लावून आणते’ म्हणून घेऊन गेल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जीव द्यायला निघाले आहे असं तुला वाटलं!

आधी हसले. मग माझंच पत्र आठवून बघितलं आणि हसू गेलं. तुझ्या जागी मी असते तर पोलीस पाठवले असते. मावशी, मला माफ कर. मी मरणार नाही. उलट माझ्याइतकी जगायची घाई सध्या न्यू जर्सीत कोणाला नसेल.

आता सगळं सांगते. आमच्या लॅबमध्ये तान जुनवेई म्हणून एक जण आहे, बेजिंगचा. दोन वर्षं आम्ही एकाच ग्रीनहाउसमध्ये शेजारशेजारच्या बाकांवर काम करतो. झाडांना पाणी घालताना तो त्यांच्याकडच्या जुन्या कविता सांगतो, आधी चिनीत, मग त्याच्या मोडक्या इंग्रजीत. त्या कवितांत कोणी सरळ ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणत नाही. झाडं म्हणतात. तळ्यात कमळं तोडायला गेलेली मुलगी असली की समजायचं, कोणीतरी काठावर उभं आहे. नवी नवरी असली की ती अमरवेल. मी म्हटलं, अरे, अमरवेल म्हणजे बांडगूळ, आमच्याकडे शेतकरी जाळतात! तर म्हणाला, नवऱ्यांनाही तसंच वाटत असेल, पण कवीला नाही.

आणि गुंज. आपण सोनं तोलतो ती, तू भितेस ती. त्यांच्या कवितांत ते लाल बी म्हणजे दूर गेलेल्या माणसाचा ध्यास. एकाने दुसऱ्याला ते बी पाठवलं की सांगायचं काही उरत नाही. कवितेतलं लाल बी नेमकं कुठल्या झाडाचं यावर त्यांच्या पंडितांत वाद आहे म्हणे, पण तानच्या आजीच्या डबीत होत्या त्या हुबेहूब आपल्या गुंजा.

त्याच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून एप्रिलमध्ये तो घरी गेला. परतीचं तिकीट ३ जूनचं आहे. गिरीशचं त्याला माहीत आहे. जाताना मी म्हणाले होते, माझं मी बघते, तू परत ये. पण या महिन्याच्या सुरुवातीला त्याचं पत्र आलं: आईला सोडवत नाही, लोकशाही मागायला चौकात लाखो मुलं बसली आहेत, तिथे काहीतरी मोठं घडेल असं सगळ्यांना वाटतं आहे, आणि तुझ्या घरच्यांनी तुझं लग्न ठरवलं आहे. मी खरंच परत येऊ का? तू सांगशील तसं करेन.

तुझ्या गुंजा आल्या नाहीत. मग मी रॅरिटन नदीकाठी गेले आणि विलोची एक डहाळी तोडली. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाची बहीण. ताटातूट झाली की त्यांच्या कवितांत हटकून विलो असतो, हे त्यानेच मला त्या काठावर चालताना सांगितलं होतं. दोन पानांची डहाळी दाबून वाळवली आणि पाकिटात घालून १४ तारखेला पाठवली. बरोबर एक शब्दही लिहिला नाही. शब्द घातले की कवितेची माती होते असं तो नेहमी म्हणतो. त्याला कळेल.

काल टीव्हीवर सांगितलं, तिथे लष्करी कायदा लागला. आता खरोखर झोप येत नाही. पण आता दोनच आठवडे.

तुझी
सुलेखा

(सुरी परत पाठवायला सांग. कांदा हाताने फोडते आहे.)


रेडमंड, २६ मे १९८९

चि. सुलेखा,

तू जिवंत आहेस आणि जिवंत राहणार आहेस, एवढं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि देवापुढे साखर ठेवली. मग पुढचं वाचलं आणि साखर परत घ्यावी का असा विचार आला.

चिनी! अगं, तुझी आई संकेश्वरच्या मुलाला ‘लांबचा’ म्हणाली होती. जेवतो काय तो? घरात कोणती भाषा बोलाल? मी वीस वर्षं या देशात राहिले, माझ्या रवीने उद्या अमेरिकन मुलगी आणली तर तोंड गोड करेन असं मनाला शिकवून ठेवलं आहे, पण चीन माझ्या यादीतच नव्हता. तुझ्या आईला हे सांगायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. गप्प बसले आहे.

आता माझं ऐक. डबी हरवलेली नव्हती. शिवणाच्या मशीनच्या खणात होती, पहिल्या दिवसापासून. तुझ्या हाती गुंजा पडू नयेत म्हणून मी खोटं लिहिलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो मीच पाळला. यात मूठभर पाठवते आहे, ॲस्पिरिनच्या बाटलीत घातल्या आहेत. मुलगा आला की त्याच्या हातात दे. मला वाटतं पाठवण्यापेक्षा हातात देणं बरं.

टीव्हीवर चौकातली मुलं दिसतात. कपाळाला पट्ट्या बांधलेली, उपाशी. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते, यातला तो कोणता म्हणून. काका म्हणतात, तुला चिनी माणसं वेगळी ओळखू येतात का? येत नाहीत. तरी बघते.

तुझी मावशी


पिस्कॅटवे, ६ जून १९८९

मावशी,

तो आला नाही.

शनिवारी मी केनेडी एअरपोर्टवर गेले. विमान उतरलं, माणसं बाहेर आली, मी शेवटची ट्रॉली जाईपर्यंत उभी होते. मग एअरलाइनच्या काउंटरवर विचारलं. बाई प्रवाशांची नावं सांगत नव्हती, मी रडायला लागल्यावर एवढंच म्हणाली, तो बेजिंगला विमानात बसलाच नाही. तिच्यामागे बारमध्ये टीव्ही चालू होता. लोक ग्लास हातात धरून वर बघत उभे होते. मीही बघितलं. रणगाडे होते. सायकलच्या गाड्यांवर माणसं आडवी घालून पळवत नेत होते, आणि त्यांच्या शर्टांचे रंग मला दिसत होते. त्याच्याकडे असला एक निळा शर्ट आहे.

फोन लागत नाही. इथली सगळी चिनी मुलं एका प्रोफेसरांच्या तळघरात बसली आहेत. मिळेल त्या नंबरला फोन लावतात, वर्तमानपत्रांची कात्रणं फॅक्स करतात, चीनमधल्या कुठल्याही ऑफिसात, कोणीतरी वाचेल म्हणून. एकदा बेजिंगच्या कुठल्यातरी हॉटेलात फोन लागला. पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. तो लावला होता आमच्या लॅबमधल्या मेईने, तिने लगेच पुढचा नंबर फिरवायला घेतला.

तो विमानात का बसला नाही? आईची तब्येत बिघडली असेल. नाहीतर विमानतळावर जाताच आलं नसेल, रस्ते बंद होते म्हणतात. होय ना? तूच सांग, असंच असेल ना?

तुझ्या गुंजा पोचल्या. बाटली उघडलेली नाही.

सुलेखा


रेडमंड, १० जून १९८९

चि. सुलू,

तसंच असेल. आईला सोडून कोणता मुलगा अशा दिवशी निघेल? रस्ते बंद असणार, हेही खरं. मी हे तुझी समजूत घालायला लिहीत नाही, माझीही घालते आहे.

काल दुकानात तांदळाच्या रांगेत एक चिनी बाई पुढे होती. मला राहवलं नाही. विचारलं, तुमचं कोणी आहे का तिकडे? तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कोणी हेर आहे. सामान तिथेच ठेवून निघून गेली. इतकी माणसं, इतक्या लांबून, एवढी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी येऊ का तिकडे? मला विमानाची भीती वाटते हे तुला माहीत आहे, तरी येते. किंवा तू ये. संध्या रोज येईल, या वेळी सुरी घेऊन जाणार नाही.

मावशी


पिस्कॅटवे, २५ जून १९८९

नंदामावशी,

येऊ नकोस.

परवा मेईला मी विलोचं सांगितलं. अभिमानाने सांगितलं, बघ, मला तुमच्या कविता कशा येतात. मेईने विचारलं, ‘तो घरी गेल्यानंतर तू त्याला विलो पाठवलास? आणि बरोबर काहीच लिहिलं नाहीस?’

मी फक्त अर्धी गोष्ट शिकले होते. ताटातुटीत विलो असतो हे खरं, पण तो जाणाऱ्याच्या हातात द्यायचा असतो, निरोपाच्या वेळी, नदीच्या काठावर. विलोची फांदी कुठेही रोवली तरी रुजते, मी बॉटनीची आहे, मला कोणी सांगायला नको. ‘जिथे जाशील तिथे तुझी मुळं धरोत.’ हा निरोप असतो, मावशी. ध्यास लाल बी सांगतं. विलो सांगतो, जा.

त्याने विचारलं होतं, मी परत येऊ का? त्यावर माझं उत्तर काय गेलं ते बघ. पत्र पोचायला दोन आठवडे लागतात. म्हणजे विमानाच्या पाच-सहा दिवस आधी त्याच्या हातात माझी डहाळी पडली असेल. तो माझ्यासारखा अर्धवट शिकलेला नाही. त्याने ती बघितली आणि तिकीट बाजूला ठेवलं. मग चौकात गेला असेल. इथे यायचं नसेल तर माणूस दुसरीकडे कुठे जाईल?

हात दाखवून अवलक्षण. कविता येते असं दाखवायला गेले.

आणि तू. मी तुझ्याकडे गुंजा मागितल्या होत्या. त्या खणात होत्या. पाठवल्या असत्यास तर विलो गेलाच नसता. तुला माझी भीती वाटत होती तर फोनवर सरळ विचारायचंस, सुलू, तू मरणार आहेस का? मी ‘नाही’ म्हणाले असते. तू कासारांच्या सुनेची गोष्ट लिहिलीस आणि माझ्या घरी बाई पाठवलीस.

मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाही.

सुलेखा


रेडमंड, १ जुलै १९८९

सुलू,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी सरळ विचारायला घाबरले, कारण तू ‘हो’ म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं ते मला माहीत नव्हतं.

तू उत्तर लिहू नकोस. मी लिहीत राहीन.

मावशी


रेडमंड, ८ ऑगस्ट १९८९

सुलू,

हे माझं पाचवं पत्र. संध्या सांगते तू लॅबला जातेस, जेवतेस, बोलत नाहीस. काकांनी परवा मला न सांगता तुमच्या प्रोफेसरांना फोन केला. ते म्हणाले, सुलेखा त्या मुलाच्या बाकावरच्या झाडांनाही पाणी घालते. काका फोन ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, मुलगा सापडू दे, चिनी असो की कोणी.

तुझ्या आईचं पत्र आलं, साड्यांचं विचारते आहे. मी लिहिलं, सुलेखाच्या पीएचडीचं काम अडलं आहे, घाई करू नका. माझं हे आणखी एक खोटं. पण या वेळी कोणाला वाचवण्यासाठी ते मला माहीत आहे.

पाकीट आलं की आधी तुझं अक्षर आहे का बघते. मग दुसऱ्याचं असलं तरी बघते, कुठलीतरी वाईट बातमी कोणी परस्पर कळवली आहे का म्हणून. पोस्टमन आता माझ्याकडे बघून मान हलवतो.

मावशी


पिस्कॅटवे, २७ ऑगस्ट १९८९

मावशी,

तो जिवंत आहे.

हे आधी तुला सांगायचं होतं, आईला नाही, मेईला तर माहीतच आहे. हाँगकाँगला मेईची आत्या असते. कोणीतरी तिच्या हातात एक पाकीट दिलं, तिने ते मेईला पाठवलं. आत तानचं पत्र, माझ्यासाठी. मी ते वाचायच्या आधी नुसतं अक्षर बघत बसले. त्याचं इंग्रजी ‘जी’ नेहमी उलटं वळतं, तसंच होतं.

तो चौकात होता. त्या रात्री नाही, आईला ताप होता म्हणून संध्याकाळीच घरी आला होता. त्याच्या सायकलवर मागे बसून येणारा मित्र मात्र तिथेच राहिला. त्या मित्राबद्दल त्याने पुढे काही लिहिलेलं नाही. आता तो आईला घेऊन बेजिंगबाहेर मामाकडे राहतो. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावून चौकशी केली. अमेरिकेत कोणाशी संबंध, कोणाची पत्रं, काय लिहिलं होतं. पत्रं त्याने जाळली. डहाळी दाखवली आणि म्हणाला, मी बॉटनीचा विद्यार्थी आहे, हा नमुना आहे. ती त्यांनी ठेवून घेतली. मेई म्हणते, पकडायच्या माणसांच्या मोठ्या यादीत त्याचं नाव नाही. गप्प बसला तर सहा महिन्यांत तिथल्या संशोधन संस्थेत नोकरी देतील, कोणी पुन्हा विचारणार नाही.

पण तो गप्प बसायचं म्हणत नाही. शेवटचा भाग तुला मराठीत लिहून देते: ‘तुझा विलो मिळाला. मला समजलं. तुझं लग्न आहे, आणि तू मला इथेच रुजायला सांगितलंस. मी तसं करतो आहे. पण तू परकी आहेस, आमच्या कविता तू माझ्याकडून ऐकल्यास, आणि मी काही चुकीचं शिकवलं असेल अशी शंका मला सारखी येते. मला चुकीचं समजलं असेल तर एक ओळ लिही. पासपोर्ट काढून घेतला आहे, पण दक्षिणेकडून निघायची वाट आहे. मी येईन.’

मावशी, त्या वाटेने मेईच्या ओळखीचे दोघे निघाले होते. समुद्रापाशी पकडले गेले. एकाचा पत्ता लागलेला नाही. दुसऱ्याच्या वडिलांना त्याचे कपडे परत मिळाले.

मेईची आत्या उत्तर पोचवू शकते, एकदाच. बुधवारपर्यंत थांबते म्हणाली, मग तिचा इथे आलेला माणूस परत जातो आणि पुन्हा येईल की नाही सांगता येत नाही. मेईने तिच्याकडून पुढचा बुधवार मागून घेतला आहे. म्हणजे तुझं पत्र येईपर्यंत वेळ आहे.

‘तुला चुकीचं समजलं’ असं लिहिलं तर तो निघेल. मी त्याला ओळखते, दुसऱ्या दिवशी निघेल. दोन महिने मी देवाला हेच मागत होते, एकदा त्याला सांगायची संधी दे. आता दिली आहे.

मी तुझ्याशी वाईट वागले. तरी तुलाच विचारते. काय लिहू?

सुलेखा


रेडमंड, ३१ ऑगस्ट १९८९

चि. सुलूला,

पत्र वाचून मी पहिल्यांदा मोठ्याने रडले, तो आहे म्हणून. काका धावत आले, त्यांना वाटलं कोणी गेलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. खरं सांगू? मी भित्री बाई आहे. भित्र्या बाईला विचारलंस तर ती म्हणणार, माणूस जिवंत राहू दे, रागावलेला का असेना, दुसऱ्याशी लग्न केलेला का असेना. म्हणून माझं ऐकू नकोस. मे महिन्यात मी भीतीचं ऐकलं आणि त्याची फळं तुम्ही दोघं भोगता आहात.

पण तू धीट आहेस म्हणून ‘ये’ लिहायला हवं असंही मला म्हणवत नाही. धीटपणा तू करशील आणि समुद्रावर जाईल तो. त्याने विचारलं आहे म्हणजे तोही तयार आहे, हेही खरं. एखाद्याच्या वतीने आपण त्याचा जीव जपून ठेवावा का, हे मला सुचत नाही. आम्ही आईबाप, मावश्या, जन्मभर दुसरं काय केलं? तुमच्या वतीने घाबरलो. ते बरोबर होतं की नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

काय लिहिलंस ते मला कळव. काहीही लिहिलंस तरी मी तुझ्या बाजूने आहे. आणि मी विमानाचं तिकीट काढलं आहे, पुढच्या शनिवारी नुअर्कला उतरते. येऊ नकोस म्हणालीस तरी येणार.

मावशी


पिस्कॅटवे, ६ सप्टेंबर १९८९

मावशी,

हे तुला मिळेपर्यंत तू निघायच्या तयारीत असशील. नुअर्कला मी घ्यायला येईन. गिरीशला आणि आईला मी कालच कळवलं, लग्न करणार नाही म्हणून. कार्यालय मोडा. आईचा फोन येईल, तो तू घे.

तानला एकच ओळ लिहिली. इंग्रजीत लिहिली, म्हणजे या वेळी कोणालाच वेगळा अर्थ लावायला नको. ‘तुला बरोबर समजलं होतं. माझं डिसेंबरमध्ये लग्न आहे.’ खाली सही केली. पाकिटात दुसरं काही घातलं नाही, मेईने उघडून वाचलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. मग तिने पाकीट चिकटवलं.

गेलं आता. मला वाटलं होतं पत्र गेलं की निदान भीती संपेल. ती संपली नाही. तो माझ्यावर विश्वास ठेवेल याची मला भीती वाटते. आणि ठेवणार नाही याची तर त्याहून जास्त वाटते, कारण मग तो निघेल.

तू ये लवकर.

सुलेखा